अर्जवाले अण्णा: कलेक्टर कचेरीजवळचं एक टायपिंगचं दुकान

सोलापुरात सरकारी कामातल्या पैशाच्या घोळाबद्दल लेखी काही द्यायचं असेल, माहितीचा अधिकार टाकायचा असेल, धरणं धरण्याआधी पोलिसांना कळवायचं असेल, नाहीतर ठाण्यात तक्रार घेत नाहीत म्हणून वर जायचं असेल, तर मी लोकांना एकाच दुकानात पाठवते. दुकानाचं नाव मालकांच्या विनंतीवरून इथं देत नाही. पाटीवर नुसतं ‘टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन’ एवढंच आहे. कोर्ट आणि कलेक्टर कचेरी, दोन्हीकडून चालत जाता येतं. कचेरीच्या आवारात कुणालाही ‘अर्जवाले अण्णा’ विचारा, दाखवतील.

आधी दर सांगते. मजकूर तुमचा तयार असेल तर टाईप करायला पानाला 30 रुपये. सांगून लिहून घ्यायचा असेल तर 60. झेरॉक्स 2 रुपये. प्रतिज्ञापत्र हिरव्या लेजर कागदावर हवं असेल तर कागदाचे वेगळे. कोर्ट फी स्टँप ते ठेवत नाहीत, तो परवाना असलेल्या विक्रेत्याकडून येतानाच घेऊन या. दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच बाक. आजूबाजूला याहून स्वस्त टायपिंग मिळतं, आणि नुसता उताऱ्याचा अर्ज किंवा भाडेकरार करायचा असेल तर तिकडं जायला काहीच हरकत नाही. अण्णांकडं जायचं ते दुसऱ्या कारणासाठी.

मी एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचं काम करायची, आता निवृत्त आहे. शहराच्या कडेला आमची वसाहत आहे. हमरस्त्यापासून वसाहतीपर्यंतचा रस्ता झाला असं कागदावर होतं, पैसे दिले गेल्याचंही कळलं होतं, आणि प्रत्यक्षात निम्म्या वाटेवर पहिल्या पावसातच खडी वर आली होती. काम कुठल्या कार्यालयाचं ते इथं लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. वसाहतीतल्या मंडळींनी मिळून चार पानांचं निवेदन लिहिलं होतं. त्यात एका पुढाऱ्याचं नाव होतं, ठेकेदार त्याचा कोण लागतो ते होतं, टक्केवारी किती चालते ते होतं, आणि शेवटी ‘तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ होतं. ते टाईप करून घ्यायला मी आणि शेजारचे एक काका अण्णांकडं गेलो.

अण्णांनी चारही पानं वाचली. सावकाश, बोट ठेवून. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकाने केले. वर लिहिलं: पाहिलं, ऐकलं, वाटलं. “अक्का, आता यातलं एकेक वाक्य सांगा, कुठल्या रकान्यात टाकू?” रस्त्याची खडी वर आली, पाहिलं. कामाचा फलक लागलाच नाही, पाहिलं. पैसे पूर्ण दिले गेले, ऐकलं. टक्केवारी, ऐकलं. पुढाऱ्याच्या सांगण्यावरून चौकशी दाबली, वाटलं. काका चिडले. म्हणाले, “अण्णा, सगळ्या गावाला माहीत आहे.” अण्णा म्हणाले, “गावाला माहीत असेल, पण अर्जावर सही तुमची आहे. सही करणाऱ्याला काय माहीत आहे तेवढंच लिहायचं. बाकीचं आपण त्यांच्याच कपाटातून काढू.”

चार पानांतलं पहिल्या रकान्यात जे उरलं ते आठ-दहा ओळींचं होतं. त्या ओळींचं त्यांनी निवेदन केलं. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींचा माहितीचा अर्ज केला. तिसरा रकाना त्यांनी टाईप करायलाच नकार दिला.

या दुकानाची खरी किंमत इथं आहे. भ्रष्टाचाराविरुद्धचे अर्ज आपल्याकडं खूप होतात, पण बहुतेक अर्जांना ‘आपले आरोप मोघम स्वरूपाचे आहेत’ असं एका ओळीचं उत्तर देऊन फाईल बंद करता येते. अण्णांच्या हातून गेलेल्या अर्जाला तसं उत्तर देता येत नाही, कारण त्यात आरोप नसतो. त्यात कागद मागितलेला असतो.

माहितीच्या अर्जाचा नमुना महाराष्ट्रात ठरलेला आहे, त्याला जोडपत्र ‘अ’ म्हणतात. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवायचा. एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, असा राज्याचा 2012 पासूनचा नियम आहे. लोक या 150 शब्दांत ‘रस्ता खराब का झाला, जबाबदार कोण, कारवाई का केली नाही’ असं विचारतात. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडं असलेला अभिलेख. ‘का’चं उत्तर अभिलेखात नसेल तर ते तयार करून द्यायला कुणी बांधील नाही, आणि अर्ज तिथंच संपतो. अण्णांनी आमच्या अर्जात विचारलं ते असं: अमुक रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोषदायित्व कालावधी (किती काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदार जबाबदार) नमूद असलेलं करारातलं पान, यांच्या साक्षांकित प्रती. खाली एक ओळ: मूळ नस्ती (फाईल) पाहण्याची आणि कामाच्या साहित्याचा नमुना घेण्याची मागणी. रस्त्याच्या खडीडांबराचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्क 2005 च्या कायद्यात सामान्य माणसाला दिलेला आहे, हे मला या बाकावर बसून कळलं. अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती, मालमत्ता, सुट्ट्या असलं काही मात्र ते मागू देत नाहीत. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं माहितीच्या कायद्यातलं ते कलमच बदललं आहे, आणि वैयक्तिक म्हणून नाकारता येईल असा एक शब्द जरी अर्जात आला तरी त्याच्याआड सगळा अर्ज अडकतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

मोजमाप पुस्तिकेवर थोडं जास्त लिहिते, कारण हिशेब हा माझा विषय आहे. खात्यात सगळे तिला ‘एमबी’ म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी अभियंता जागेवर मोजतो आणि या पुस्तिकेत भरतो; देयक निघतं ते त्या आकड्यांवरून. म्हणजे रस्त्याचा पैसा रस्त्यावरून निघत नाही, या पुस्तिकेतून निघतो. घोळ असेल तर तो तिथं लिहिलेला सापडतो, तारीख आणि सहीसकट. निवेदनं, मोर्चे, बातम्या यांत मी कधी कुणाला एमबीची प्रत मागताना पाहिलं नव्हतं.

30 दिवसांत उत्तर आलं नाही. जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचा स्टँप, पहिलं अपील. अण्णांनी त्यात एक ओळ टाकली की मुदत उलटून गेल्यामुळं कलम 7(6) प्रमाणं प्रती विनामूल्य मिळाव्यात. सुनावणीला काय बोलायचं तेही त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, तीनच वाक्यं. अपिलात आदेश झाला आणि प्रती मिळाल्या, पैसे न भरता. एमबीत लिहिलेली लांबी आणि आमच्या मंडळींनी टेप धरून मोजलेली लांबी यांत दोनशे मीटरांहून जास्त फरक निघाला. जो रस्ता नाहीच, त्याची जाडीसुद्धा पुस्तिकेत भरलेली होती.

अण्णांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट सगळ्यांनी वापरावी. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात. आधी जाऊन फाईल बघायची, पान क्रमांक टिपायचे, मग नेमक्या त्याच पानांचा अर्ज टाकायचा. असं केलं की ‘माहिती विस्तृत आहे’ हे कारण राहत नाही.

पुढची पायरी धरण्याची. प्रती हातात आल्यावर वसाहतीनं ठरवलं की शहरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटासमोर एक दिवस बसायचं. सोलापूरला आंदोलन शिकवावं लागत नाही. 1930 च्या मे महिन्यात या शहरात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला होता, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या चौघांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. पण आज धरणं धरायचं तर आधी कागद लागतो, आणि बरीच आंदोलनं त्या कागदावरच मोडतात.

शहरात पोलीस आयुक्तांकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे मनाई आदेश निघत असतात. पाच किंवा अधिक लोकांनी परवानगीशिवाय जमायचं नाही, असं त्यात असतं. तो आदेश कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आहे, हे अण्णा बघून ठेवतात आणि आदेशाची प्रत भिंतीवर टाचलेली असते. आमचं पत्र त्यांनी असं लिहिलं: दिनांक, वेळ कुठून कुठपर्यंत, अंदाजे किती माणसं, त्यांत बायका किती, ध्वनिक्षेपक नाही, रस्ता अडवणार नाही, स्वयंसेवक कोण, जबाबदार व्यक्ती कोण. शेवटची ओळ अशी: ‘परवानगी नाकारावयाची असल्यास कारणांसह लेखी कळवावे.’

ही ओळ कामाला आली. धरण्याच्या आदल्या दिवशी ठाण्यातून फोन आला की उद्या नको, वरून सांगणं आहे. ‘वरून’ म्हणजे कोण ते सांगितलं नाही. आमच्यातले काही जण लगेच म्हणाले की पुढाऱ्याचा फोन गेला असणार. मी दुकानात गेले. अण्णांनी विचारलं, “फोन केला हे कोण बघितलंय?” कुणीच बघितलं नव्हतं. मग त्यांनी एक पानाचं पत्र केलं: आज इतक्या वाजता आपल्या ठाण्यातून दूरध्वनीवर असं सांगण्यात आलं, आमच्या अर्जाचा आवक क्रमांक हा, नकार असल्यास लेखी मिळावा, न मिळाल्यास आम्ही अर्जात दिल्याप्रमाणं शांततेत बसू. पत्र देऊन पोच घेतली. लेखी नकार आला नाही. संध्याकाळी आली ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खालची नोटीस. जुन्या फौजदारी संहितेतलं हे 149. शांतता भंग झाल्यास तुम्हाला जबाबदार धरलं जाईल, एवढाच तिचा अर्थ. पण ज्याला आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांची नोटीस येते त्याच्या घरात त्या रात्री जेवण होत नाही. आमच्यातले दोघे गळाले. अण्णांनी बाकीच्यांना नोटीस वाक्या-वाक्यानं वाचून दाखवली आणि ही अटक नाही, बंदीही नाही, हे समजावलं. आंदोलन करणाऱ्यांना या नोटिशीचा अर्थ समजावून सांगणारं माणूस शहरात प्रत्येक वॉर्डात असायला हवं, असं मला तेव्हा फार वाटलं.

धरणं झालं. बंदोबस्ताला आलेले उपनिरीक्षक सज्जन होते. म्हाताऱ्या बायकांना सावलीत बसू दिलं, निवेदन द्यायला आत पाच जणांना जाऊ दिलं. काही आठवड्यांनी त्यांची बदली झाली. याचाही संबंध वसाहतीनं लगेच लावला. माझ्याकडं त्याचा पुरावा नाही, म्हणून मी लावत नाही. पण बदली हाच पोलिसांवर दाब आणण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, हे सांगायला माझ्या पुराव्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं 22 सप्टेंबर 2006 ला प्रकाश सिंह खटल्यात ते मान्य करूनच सात निर्देश दिले. प्रकाश सिंह स्वतः उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. ठाण्याच्या प्रमुखापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलिसांचंच आस्थापना मंडळ, तपास आणि बंदोबस्त वेगळे, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण. महाराष्ट्रानं 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून यातलं बरंच काही घेतलं, पण ‘अपवादात्मक परिस्थितीत, जनहितार्थ’ मुदतीआधी बदली करता येईल अशी वाटही ठेवली. अपवाद कुणी ठरवायचा, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाबतीत ज्यांच्यापासून पोलिसांना मोकळं करायचं होतं त्या सत्ताधाऱ्यांनीच. मला हे मान्य नाही आणि ते मी इथं लिहून ठेवते.

दुकानाच्या भिंतीवर आदेशाच्या शेजारी वर्तमानपत्राची जुनी कात्रणं आहेत. त्यातलं एक मार्च 2021 चं. मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांची 17 मार्चला बदली झाली आणि 20 मार्चला त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पोलीस अधिकाऱ्यांना दर महिन्याला 100 कोटी रुपये गोळा करायला सांगितले. 5 एप्रिलला उच्च न्यायालयानं सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं, त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरमध्ये ईडीनं त्यांना अटक केली, आणि 2022 च्या डिसेंबरअखेर ते जामिनावर बाहेर आले. देशमुखांनी आरोप कायम नाकारले. आणि ज्यांनी पत्र लिहिलं त्यांनी चौकशी आयोगापुढं सांगितलं की पत्राशिवाय आपल्याकडं आणखी पुरावा नाही. अण्णा नवीन गिऱ्हाइकाला हे कात्रण दाखवून विचारतात, “एवढ्या मोठ्या साहेबांचं पत्र कुठल्या रकान्यात गेलं?” मी त्यात माझी भर घालते. खरा प्रश्न मला तारखांचा वाटतो. राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या पोलीस प्रमुखाला मंत्र्यानं बेकायदा काही सांगितलं असेल, तर ते लेखी नोंदवून ठेवायची सुरक्षित जागा त्याला पदावर असताना नव्हती. आणि सांगितलं नसेल, तर बदलीनंतर असा आरोप करण्याची मुभा होती. दोन्ही बाजूंनी नुकसान पोलीस दलाच्या विश्वासाचं झालं.

दुसरं कात्रण आपल्या जिल्ह्याचं. मोहोळचे तेव्हाचे आमदार रमेश कदम यांना अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातल्या शेकडो कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून ऑगस्ट 2015 मध्ये अटक झाली. मातंग समाजातल्या गरिबांना कर्ज मिळावं म्हणून काढलेलं ते महामंडळ. आरोपांचं काय ते न्यायालय ठरवेल. पण ऑक्टोबर 2019 मध्ये, तुरुंगातून दवाखान्यासाठी बाहेर काढलेले हे आमदार ठाणे शहरातल्या एका फ्लॅटमध्ये सापडले, तिथं 50 लाखांहून जास्त रोकड मिळाली आणि सोबतच्या पोलिसांना निलंबित केलं गेलं. मोहोळकडून येणारी माणसं हे कात्रण बघून गप्प होतात. त्यातल्या एका बाईंचा मुलगा त्या महामंडळाच्या कर्जासाठी खेटे घालून थकला होता. त्या म्हणाल्या, “आमची फाईल पैशे नाहीत म्हणून परत दिली होती.” त्यांच्या अर्जाचे अण्णांनी पैसे घेतले नाहीत.

ठाण्यात तक्रार घेत नाहीत, या कामात दुकान कसं आहे तेही सांगते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 ला घटनापीठानं सांगितलं. तरी ‘एनसी घ्या आणि जावा’ (एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) हे ऐकावं लागतं. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली; तिच्या कलम 173 मध्ये तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं 14 दिवस प्राथमिक चौकशी करण्याची सोय पोलिसांना दिली आहे. चांगल्या अधिकाऱ्याच्या हातात ही सोय ठीक. दाबाखालच्या अधिकाऱ्याच्या हातात ती दिवस ढकलायची सोय होते, असं माझं मत. अण्णांची पद्धत अशी की तक्रारीत तारीख, वेळ, जागा आधी लिहायची, ठाण्यात किती वाजता गेलो आणि कुणी काय सांगितलं ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचं, ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं त्या वेळेचं चित्रण जपून ठेवावं अशी मागणी लगेच करायची, मग वरिष्ठांना पोस्टानं, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांपुढं प्रतिज्ञापत्रासह. ठाण्यांत कॅमेरे असावेत आणि चित्रण टिकवावं, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये सांगितलेलं आहे, पण मागणी उशिरा केली तर काही हाती लागत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढचा अर्ज मात्र ते करत नाहीत. “तिथं वकील घ्या,” म्हणतात आणि विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय दाखवतात. आपली हद्द ओळखणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

लाच मागितली असेल तर ते अर्जच करत नाहीत. आधी 1064 ला फोन लावायला सांगतात. लाचलुचपत विभाग मागणीची पडताळणी करतो, सरकारी पंच घेतो, नोटांना पावडर लावतो, ती हाताला लागली की द्रावणात हात बुडवल्यावर रंग गुलाबी होतो. लेखी अर्ज फिरायला लागला की समोरचा सावध होतो आणि सापळा फसतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो; जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. हे सात दिवस मी इथं मुद्दाम लिहिते, कारण कचेरीत हे कुणी सांगत नाही.

आता दुकानाची कमतरता, आणि ती लहान नाही. गुप्तता नाही. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला तुमचा अर्ज पडद्यावर वाचता येतो. तुमचं नाव देऊन फाईल कॉम्प्युटरवर राहते. चुकलेल्या प्रती खालच्या खोक्यात पडतात, आणि त्या खोक्यातल्या कागदांची पाठ कच्च्या कामाला वापरतात. 13 जानेवारी 2010 ला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनीचे व्यवहार उघड करण्यासाठी ते माहितीचा अधिकार वापरत होते. गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेनं 2014 मध्ये केला, पण तो लागूच केलेला नाही. अशा परिस्थितीत कुणी काय मागितलं हे बाकावरच्या अनोळखी माणसाला कळणं धोक्याचं आहे. मी अण्णांना हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी पडदा भिंतीकडं वळवून घेतला आणि माझ्यासमोर माझी फाईल पुसली, पण खोकं अजून तिथंच आहे. तुम्ही गेलात तर चुकलेली प्रत मागून घ्या आणि फाईल पुसायला सांगा. ते नाही म्हणत नाहीत, फक्त आपणहून करत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. लाईट गेली की काम बंद, इन्व्हर्टर नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन असतो, त्या दिवशी गर्दीत तुमच्या मजकुराकडं नीट बघितलं जाणार नाही. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या आत जा. अण्णा नसतील आणि त्यांचा पुतण्या बसला असेल तर नुसतं टायपिंग होईल. तो वेगात आणि शुद्ध टाईप करतो, पण तीन रकाने करत नाही.

जाताना जवळचे सगळे कागद, जुन्या अर्जांच्या पोच, आवक क्रमांक, जागेचे तारखेसह फोटो घेऊन जा. आणि वेळ काढून जा. एक पान लिहायला ते तासभर प्रश्न विचारतात. आमच्या एमबीच्या प्रती आता लाचलुचपत विभागाकडं गेल्या आहेत, आणि साहित्याचा नमुना नाकारला म्हणून दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठापुढं आहे. जोडपत्र ‘क’, 20 रुपयांचा स्टँप. तेही याच दुकानात लिहिलं.